चार नंबरचा केर

१

सकाळी नऊची सर्व्हिस मोटार बेळगावकडे गेली, की शालूचं काम सुरू व्हायचं. केरसुणी, सुपली आणि ओलं फडकं घेऊन ती एक नंबरच्या खोलीत शिरायची आणि सहा नंबरमधून बाहेर पडायची. मग हातपाय धुऊन, दप्तर घेऊन, शेतातल्या पायवाटेने काकतीच्या शाळेत जायची.

निपाणीकडून येणारा रस्ता काकतीच्या अलीकडे जिथं चढ चढून दम खातो, तिथं त्यांचं घर होतं. आजोबांच्या वेळी त्या जागी एक चिंच, एक विहीर आणि बैलांसाठी दगडी डोणी, एवढंच होतं. तंबाखूच्या गाड्या चिंचेखाली सुटायच्या. गाडीवान गाडीखालीच अंग टाकायचे आणि उजाडायच्या आत जुंपून निघून जायचे. पुढे मोटारी आल्या. चढ चढून त्या तापायच्या, वाफा टाकत त्याच चिंचेखाली उभ्या राहायच्या आणि त्याच विहिरीचं पाणी प्यायच्या. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर भरमा म्हणायचा, "म्हशीत आन् मोटारीत फरक न्हाय बघ. पाणी दावल्याशिवाय एक बी हालत न्हाय."

शालूचे वडील आण्णाप्पा, घरातले आप्पा, एकदा पुण्याला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, आता बैल पुरे, माणसं उतरवायची. त्यांनी मंगळुरी कौलांच्या सहा खोल्या एका ओळीत बांधल्या. प्रत्येक खोलीचं दार थेट रस्त्याकडे. मोटार दारासमोर उभी करायची, की तीन पावलांवर खाट. दारांवर तेलरंगाने आकडे घातले आणि चिंचेला पाटी ठोकली: 'मोटारवाल्यांस उतरण्याची उत्तम सोय.' पाटीवरचं अक्षर शालूचं होतं. ती सातवीत होती आणि तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत वळणदार होतं.

अक्षर वळणदार असलं तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. परकं माणूस दिसलं, की शालूची मान खाली जायची. पाहुण्यांचे चेहरे तिने कधी नीट पाहिलेच नाहीत. तिला माहीत असायच्या त्या त्यांच्या वहाणा, त्यांचे खोकले, तांब्या खाली ठेवायची त्यांची तऱ्हा. आईजवळ मात्र तिचं तोंड दिवसभर चालायचं. आई तिला 'साळुंकी' म्हणायची. बाकीच्यांना ते नाव ऐकून हसू यायचं, कारण या साळुंकीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

२

घरात आणखी एक माणूस होतं. शालूची राजाआत्या, आप्पांची थोरली विधवा बहीण. गाडीतळ होता तेव्हापासून तिथला केर तीच काढत आली होती आणि तिचा एक नियम होता. मुक्कामाला आलेलं माणूस उठून गेलं, की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही.

"त्यानं म्होरल्या मुक्कामाला पाणी पिऊस्तोवर थांबायचं," ती म्हणायची. "मागची जागा तवर त्याचीच असती."

"आन् लगीच काढला तर?" शालूने लहानपणी विचारलं होतं.

"लगीच कवा काढत्यात, ठावं हाय न्हवं तुला?"

शालूला ठाऊक होतं. घरातून तिरडी उचलली, की बायका लगेच केर काढतात. तेव्हाच फक्त.

गाड्यांच्या दिवसांत हे चालून जायचं. पहाटे गेलेल्या गाडीची जागा दुपारी झाडली तरी कुणाचं अडत नव्हतं. खोल्या झाल्या आणि अडू लागलं. युद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्या मोटारींची रीघ लागली. एक मोटार दारातून हलली, की तिच्या जागी दुसरी येऊन भोंगा वाजवायची. आप्पांनी आत्याच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि शालूच्या हातात दिली.

"पाव्हणा उठला की केर निघाला पायजे. आक्काचं काय ऐकू नगं. तिच्या नियमानं बसलो तर माणसं चिंचंखाली निजतील."

त्या सकाळी चार नंबरमधून जोतिबा दलाल बाहेर पडला होता. निपाणीचा तंबाखूचा दलाल. दर पंधरा दिवसांनी यायचा, चार नंबरच मागायचा. चुन्याच्या डबीवर नखाने दोनदा टकटक करायचा, तंबाखू मळायचा आणि तळहातावर दोन थापा द्यायचा. शालू खाली मान घालून समोरून गेली, की म्हणायचा, "काय मास्तरीणबाई, आज कुठला धडा?" एवढ्या पाहुण्यांत त्या एकालाच ती उत्तर द्यायची. "अकरावा," किंवा "बारावा." तेवढंच.

त्याची मोटार अजून चिंचेच्या सावलीतच होती, तेवढ्यात शालूने चार नंबरचा केर काढला. तंबाखूची चिमूटभर काडी, विडीचं थोटूक, बोटभर धूळ. उंबऱ्याबाहेर लोटलं, चादर बदलली, दार ओढून घेतलं. नवा पाहुणा अजून मोटारीतून सामान उतरवत होता.

बंद दाराआड टकटक झालं. मग तळहातावर दोन थापा.

पाल चुकचुकली असेल, असं शालूला वाटलं. पण पाल थापा देत नाही, हेही तिला लगेच वाटलं. तिने दार उघडून पाहिलं. खाट होती, तांब्या होता, खुंटी रिकामी होती. ती पाच नंबरकडे गेली.

३

जोतिबा दलाल तीन आठवड्यांनी आला. मोटारीतून उतरून तो अंगणात उभा राहिला आणि सहा दारांकडे असा बघत राहिला, जसा पहिल्यांदाच उतरलेला माणूस बघतो.

"खोली मिळंल काय हितं?" त्याने विचारलं.

आप्पा हसले. "चेष्टा करतासा व्हय जोतिबाण्णा? तुमचा चार नंबर हाय की."

"कुठला बी चालंल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. आप्पांनी त्याला दोन नंबर दिला.

तो ठणठणीत होता. अंगाने थोडा भरलाच होता. डोणीपाशी बसून तो पाय धूत होता, तेव्हा शालू पाण्याची कळशी घेऊन समोरून गेली. धड्याचं विचारील म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं. तो काही बोलला नाही. शालू थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती पाहुण्यासमोर आपण होऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "एकोणिसावा."

त्याने वर पाहिलं. डोळे सज्जन होते, पण ओळख नव्हती. "काय गं पोरी? कुणाची तू? हे कुठलं गाव म्हणायचं?"

त्याच वेळी त्याच्या पाठीमागे, कुलूप घातलेल्या चार नंबरमध्ये, टकटक झालं. मग दोन थापा.

तंबाखूचा दलाल वळला नाही. तो पाय पुसत राहिला. संध्याकाळी आप्पांनी पुढे केलेली तंबाखूची पिशवी त्याने परत केली. म्हणाला, आपल्याला असली काही सवय नाही.

४

माणसं विसरतात, शालू स्वतःला समजावत होती. दलाल शंभर गावं फिरतो, शंभर पोरी बघतो. डबीचा आवाज म्हणजे कौलातली चिमणी असेल, वाळलेलं लाकूड तडकत असेल. हे सगळं तिने शाळेत जाताना पायवाटेवर मनात मांडून पाहिलं आणि ते पटण्यासारखं होतं. घरी परत आल्यावर मात्र ती ओसरीवर बसून ऐकू लागली, आणि ऐकू आलं.

एक नंबरमध्ये कुणीतरी कोरडं खोकत होतं. तीन नंबरमध्ये तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज व्हायचा, दोन वेळा, आधी काठ आणि मग बूड. सहा नंबरात एक बाई जांभई देऊन "शिवा शिवा" म्हणायची. शालूला ते सगळे माहीत होते. यात्रेच्या दिवसांत ते एक रात्र राहून गेले होते आणि त्यांच्या मागे तिनेच केर काढला होता. सहा खोल्या होत्या आणि त्यातली एकही आता रिकामी नव्हती.

आत्या शेजारी बसून लसूण सोलत होती. तिचे हात थांबले होते.

"आत्या, तुला बी ऐकू येतंय?"

आत्याने आप्पा जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाली, "सांगितलं तर तुझा बाप मला खुळी म्हणंल. तू सांगितलंस तर शाळा सोडवंल. गप ऱ्हा, आन् केर काढायचं तेवढं सोड."

त्या दिवसापासून शालू फसवू लागली. पाहुणा गेला, की ती खोलीत जाऊन दार लोटायची आणि केरसुणी भिंतीवर घासायची, आप्पांना आवाज जावा म्हणून. चादर बदलायची, तांब्या भरायची. केर तसाच खाटेखाली. दुपारी शाळेतून आली, की मग खरा काढायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. नवे आवाज वाढायचे थांबले.

तिने हे सगळं एकट्या आईला सांगितलं. आईला सातवा महिना होता. शालूनंतर तिचे दोन गर्भ गेले होते, म्हणून सगळे तिला जपत होते. स्वैपाकघरातल्या धुराने तिला ढास लागायची, तेव्हा आप्पांनी तिला दिवसा पडायला चार नंबर दिला होता. रोज सकाळी तिथंच, खाटेवर बसून, ती शालूची वेणी घालायची. कामाला हात घालायच्या आधी ती हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायची. किण्ण असा एक आवाज व्हायचा. मग फणी. आईने पाडलेला भांग दोऱ्यासारखा सरळ असायचा.

सगळं ऐकून आई हसली नाही. ती फणी हातात धरून म्हणाली, "म्हंजे हितं जोतिबाण्णा हाय म्हण की. असू दे बिचारा. आता मी बी असते दिवसभर सोबतीला."

कोपऱ्यात टकटक झालं.

"बघ, व्हय म्हणतोय," आई म्हणाली, आणि मग दोघी हसल्या.

५

माघात आई बाळंतपणासाठी माहेरी निघाली, खानापूरकडे. नऊच्या मोटारीने बेळगाव आणि तिथून पुढे तिचा भाऊ नेणार होता. निघायच्या सकाळी तिने चार नंबरात शालूची वेणी घातली आणि स्वतःच्या केसांतली अबोली काढून तिच्या केसांत खोवली.

"रोज काय झालं ते ध्यानात ठेव," ती म्हणाली. "आल्यावर सगळं ऐकणार हाय मी. एक बी दीस गाळायचा न्हाय, साळुंके."

भरमाने मोटारीत पुढची जागा दिली होती, उशी ठेवली होती. "वैनी, आज म्हस न्हाय, पालखी हाय म्हणा," तो म्हणाला. मोटार हलली.

ती चिंच ओलांडत होती, तेवढ्यात मागून निपाणीकडून एक निळी मोटार वर आली आणि चार नंबरसमोरच थांबली. बेळगावचे कुणी वकील होते. त्यांच्या पत्नीला प्रवासाने मळमळत होतं, तिला तासभर आडवं व्हायचं होतं. आप्पांनी स्वतः दार उघडलं. बाईंनी आत पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"अहो, इथं केर काढलेला नाही."

"आत्ता काढतो की बाईसाहेब," आप्पा म्हणाले. "शालू."

शालू केरसुणी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. दार लोटून घ्यावं, भिंतीवर घासावी, असं तिने ठरवलं. पण आप्पा दार धरून उभे होते. मागे वकील उभे होते, त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, त्यांचा ड्रायव्हर उभा होता. तीन परकी माणसं तिच्या हाताकडे बघत होती. खाली, पहिल्या वळणावर, भरमाचा भोंगा ऐकू येत होता.

एक वाक्य म्हणायचं होतं. 'तीन नंबर झाडलेली हाय, तितं न्या.' तीन नंबर कालपासून रिकामी होती, काल दुपारीच तिने झाडली होती. आप्पांना ते सुचलं नव्हतं. तिला सुचलं होतं. वाक्य घशापर्यंत आलं. वकिलांच्या पत्नीने विचारलं, "काय गं?" आणि शालूची मान खाली गेली.

तिने केर काढला. खाटेखालून दोन लांब केस आले. एक अबोलीचं फूल आलं. हिरव्या बांगडीचा नखाएवढा तुकडा आला. ती कोपऱ्याकडून उंबऱ्याकडे येत गेली आणि तिला वाटत होतं, हे सावकाश केलं तर भरमाची मोटार पुढे जाईल, आई कुठंतरी पाणी पिईल. आप्पा म्हणाले, "आटप की." तिने ते सगळं उंबऱ्याबाहेर लोटलं.

तिच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत, कुणीतरी बांगड्या कोपराकडे सारल्या.

आत्या विहिरीवर होती. ती कळशी टाकून धावत आली, उंबऱ्याबाहेरचा केर तिने पाहिला आणि तिथंच खाली बसली. वकिलांच्या पत्नीला वाटलं, म्हातारीला भोवळ आली.

६

आई वैशाखात आली. मुलगा झाला होता, गुटगुटीत. आप्पांनी सगळ्या मोटारींना पेढे वाटले. भरमा म्हणाला, "आता सात नंबर बांधा, मालक आलं तुमचं."

आई सुंदर दिसत होती. ती मोटारीतून उतरली आणि सहा दारांकडे बघत उभी राहिली. शालू चिंचेमागून ते बघत होती. तिने तीन महिन्यांतला एकही दिवस गाळला नव्हता. प्रत्येक दिवस पाठ करून ठेवला होता.

"ये की गं," आई म्हणाली. "लाजतीस कशाला? तू शालू न्हवं?"

तिने सगळं केलं, जे आईने करायचं असतं. बाळाला न्हाऊ घातलं, भाकऱ्या थापल्या, पाहुण्यांना वाढलं. मिठाचा डबा कुठं असतो ते तिने आत्याला विचारलं. एकदा विचारलं, मग लक्षात ठेवलं. ती कुणावर चिडायची नाही. आप्पा म्हणायचे, माहेरचं वारं मानवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शालूला वेणीसाठी हाक मारली. बांगड्या सारल्या नाहीत. त्या मनगटावरच खुळखुळत राहिल्या आणि फणी केसांत अडकत राहिली. शालूने नंतर विहिरीत वाकून पाहिलं. भांग डाव्या भुवईवर गेला होता.

"तू कमी बोलतीस, न्हवं?" वेणी घालता घालता आई म्हणाली होती. "बरं असतंय. पोरीच्या जातीला शोभतंय."

शालूने पाठ केलेले सगळे दिवस गिळून टाकले.

त्या दुपारी ती चार नंबरात गेली, दार लावून घेतलं आणि फरशीवर बसली. बराच वेळ ती रडली. मग तिने माघातल्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. कुणी टोकलं नाही. पण सांगून झालेल्या प्रत्येक दिवसानंतर किण्ण असा एक आवाज झाला, आणि पलीकडच्या कोपऱ्यात, ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी, हळूच टकटक केलं.

७

ती रोज जाऊ लागली. आप्पांना सांगितलं, अभ्यास करते. त्या दिवसांत चार नंबर तिने अंगावर घेतला. कौल गळतंय, खाटेत ढेकूण झालेत, असं काहीबाही सांगून ती पाहुण्यांना दुसरीकडे पाठवायला आप्पांना लावायची. बोलण्याइतकं धैर्य आता तिला आलं होतं. लागायच्या वेळी ते आलं नव्हतं.

एकदा तिला उशीर झाला. दुपार कलली होती. दार अर्धं उघडं होतं आणि आत चाहूल होती. शालू आत गेली नाही. तिने बिजागरीच्या फटीला डोळा लावला.

फट बोटभर होती. तिच्यातून खाटेची कड दिसत होती, आणि खाटेच्या कडेवर लुगड्याचा हिरवा काठ. त्याच्या वर एक कोपर होतं. कोपर सावकाश वर जायचं, खाली यायचं. फणी केसांतून फिरावी तसं. कोपरापुढे, जमिनीवर, जिथं वेणीला बसलेल्या मुलीचं डोकं यावं, तिथं काही नव्हतं. तरी ते कोपर त्या 'काही नाही'ला इतकं जपून हात लावत होतं, की शालूच्या टाळूवर काटा आला.

वाट बघतेय, तिला कळलं. मी नसते तेव्हाही ती हेच करते.

ओसरीवरून आईची हाक आली. बाहेरच्या आईची. "शालू, बाळाला घे जरा." शालू वळली. परत डोळा लावला तेव्हा फक्त खाट होती.

त्या संध्याकाळी आप्पांनी सांगितलं, की शाळा सुरू झाली की शालूला बेळगावात ठेवायची. काका तिथं वडगावात होते, घरात हातमाग होता, पोरीला एक कोपरा देतील. हेडमास्तर स्वतः येऊन म्हणाले होते, की असं अक्षर असलेली पोर केरात घालवू नका.

जोतिबा दलालाने तिला मास्तरीणबाई म्हटलं होतं, ते खरं व्हायला निघालं होतं. शालूला आनंद झाला, आणि त्याच श्वासात चार नंबर आठवला.

रात्रभर विचार करून सकाळी ती आत्याकडे गेली.

"आत्या, मी गेल्यावर माझ्या मागं लगीच केर काढशील?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. "न्हाय," ती म्हणाली.

"ती एकटी हाय गं तितं."

"आन् तू जाशील ती कोण जाशील? जोतिबा बघितलास न्हवं? तुझी आई बघतीस न्हवं? तितं नुसतं बसायचं असतंय, पोरी. ना धडा, ना दीस. मी न्हाय काढणार. तू बेळगावात पाणी पिऊस्तोवर त्या खोलीच्या दारात बसून ऱ्हाईन."

आत्याचं खरं होतं. ते पटलं, आणि तरी तिला आपल्या मनाचा पत्ता लागेना.

८

निघायच्या सकाळी आईने हाक मारली, "ये, वेणी घालते." शालू म्हणाली, "माझी मी घालते." फणी घेऊन ती चार नंबरात गेली, दार लोटलं, केस मोकळे सोडले आणि खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसली.

भरमाचा भोंगा वाजला तेव्हा ती बाहेर आली. आईने तिच्या तळहातावर दही घातलं. बाळाने तिचं बोट धरलं. आत्या चार नंबरच्या दाराला पाठ लावून उभी होती, केरसुणी पदराआड धरून. "मास्तरीण झाल्याबिगर परत येऊ नगं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

शालू मोटारीत मागच्या बाकावर बसली. मागचा पडदा वर गुंडाळून बांधला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं. मोटार हलली. चिंच गेली, पाटी गेली. तेवढ्यात निपाणीकडून एक काळी मोटार चढ चढून आली आणि अंगणात शिरली. आप्पांनी हाताने चार नंबर दाखवला. आत्याने मान हलवली. आप्पा काहीतरी बोलले. आत्याने पुन्हा मान हलवली आणि दाराला आणखी चिकटली.

मग आई पुढे झाली. ती कधीच कुणाला नाही म्हणायची नाही. तिने हसून बाळ आत्याच्या कडेवर दिलं, पदराआडची केरसुणी काढून घेतली आणि उंबरा ओलांडला.

शालू अर्धी उठली. तिला ओरडायचं होतं. 'नको' म्हणून की 'काढ' म्हणून, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या बाकावर दोन परके व्यापारी बसले होते. एकाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

मोटार वळणाला लागली.

मागे एका चिंचेखाली कौलारू खोल्यांची ओळ दिसत होती. सहा दारं, सहा आकडे. चौथ्या दारात एक बाई कमरेत वाकून केर बाहेर लोटत होती. दुसरी एक म्हातारी कडेवर मूल घेऊन रस्त्याकडे बघत रडत होती. कुणीतरी गेलेलं दिसतंय त्यांचं, मुलीच्या मनात आलं. झाडाला एक पाटी होती. लांबूनही अक्षर छान दिसत होतं.

तिने मान वर केली, शेजारच्या व्यापाऱ्यांकडे सरळ पाहिलं, आणि न अडखळता, मोकळ्या आवाजात विचारलं, "हे कुठलं गाव म्हणायचं?"

व्यापाऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढे चाकावर ड्रायव्हरचे हात थबकले. "शालू?" तो म्हणाला. ती त्याच्याकडे सज्जनपणे बघत राहिली, तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असेल म्हणून.

तिच्या तळहाताला दह्याचा वास येत होता. तिने तो परकराला पुसला. मग केसांवरून हात फिरवला. वेणी घट्ट होती, एकही केस सुटलेला नव्हता, आणि भांग बोटाला दोऱ्यासारखा सरळ लागला. सकाळी कुणीतरी फार जपून घातलेली होती. कुणी, ते तिला काही केल्या आठवेना.